मोठ्या पेठेतला हौद

सर बंदराहून परत आले तो सोमवार होता. काळी-पिवळी जीप फाटकापाशी थांबली. सर उतरले. मग वळून त्यांनी जीपमध्ये हात दिला, थांबले आणि फाटकातून आत आले. मी वरच्या गॅलरीत होते. काकू ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

जीपवाला खाली उतरून काकूंपाशी आला. "काकू, सरांना काही म्हणा बरं. औंढ्याहून एक सीट मोकळी ठिवायला लावली. सोमवार हाय, नागनाथाची गर्दी, माणसं मागं लटकून राहिली, आन् हे म्हणतात इथं बसलंय. कोण बसलंय म्हणलं तर बोलत न्हाईत."

काकूंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. त्या दाराकडे पाहत होत्या. जीप गेल्यावर मी खाली आले तेव्हा म्हणाल्या, "चप्पल काढून आत ये, म्हणले ते." मग जरा थांबून, "मला न्हाई म्हणले."

सर माझे घरमालक, काकू त्यांच्या पत्नी. मी औंढ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. नोकरी लागली तेव्हा औंढ्यात मनासारखी खोली मिळाली नाही, म्हणून जवळा बाजारला सरांच्या वरच्या मजल्यावर आले आणि तिथेच राहिले. सर हायस्कुलातून निवृत्त झालेले, मूळचे शिरड शहापूरकडच्या तांड्यावरचे. तांडा म्हणजे आता माळावरची सिमेंटची घरं, एक शाळा आणि भोवती सोयाबीन. सरांच्या पणजोबांच्या लहानपणापर्यंत मात्र तांडा चालता होता. बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून इकडचं धान्य समुद्राकडे जायचं आणि तिकडून मीठ यायचं.

सरांना जाऊन वर्ष झालं, असं लिहिते आणि माझा हात थांबतो. सरांना 'जाणं' हा शब्द चालत नसे. कोणाकडे मयताला गेले की घरच्यांना म्हणायचे, "गेला म्हणू नका. तुमी पुढं चालले, तो मागं राहिला." लोकांना ते कसंतरीच वाटे. एका बाईने तर घाबरून मागे वळून पाहिलं होतं. त्यामुळे हे सगळं मी हळूहळू लिहिते आहे. एका बैठकीत जमत नाही.

खोली देताना सरांनी माझा पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मटण शिजवता का तेही विचारलं नाही.

"समुद्र पाहिलाय?"

"हो. मुंबईचा."

"मग तो न्हाई," ते म्हणाले आणि किल्ली दिली.

त्यांचा समुद्र वेगळा होता. त्या जुन्या शहराचं नाव ते घ्यायचे नाहीत, नुसतं 'बंदर' म्हणायचे. "नाव घेतलं की माणूस नकाशात बोट ठिवतो आन् त्याला वाटतं कळलं," हे त्यांचं म्हणणं. सरांनी ते बंदर पाहिलेलं नव्हतं. तरी तिथली मोठी पेठ, म्हणजे दर्यादरवाज्यापासून आत जाणारा मुख्य रस्ता, त्यांना पाठ होती. संध्याकाळचा चहा झाला की ते जवळा बाजारच्या रस्त्याने बसस्टँडपासून कापसाच्या जिनिंगपर्यंत चालत जात. ओठ हलत असत. मी सोबत असले तर मोठ्याने सांगत.

"दरवाज्यातून आत शिरलं की उजव्या हाताला मांडवी. जहाजावरचा माल तिथं उतरतो, जकात तिथंच भरायची. पुढं दोरवाल्यांची ओळ. काथ्याचा वास येतो, त्या वासावर चालायचं. वास संपला की मिठाची वखार. वखारीसमोर दगडी हौद. बैल पाणी पितात तो."

हौद आला की सर थांबत. आमच्या रस्त्यावर त्या अंतराला खताचं दुकान होतं. दुकानदाराला सवय झाली होती. तो स्टूल पुढे सरकवायचा, सर बसायचे नाहीत. उभं राहून ते हौदाचा इतिहास सांगत. इंग्रजांच्या काळात नळ आले आणि हौद बुजवला. त्यावर घड्याळजीचं दुकान झालं. घड्याळजीनंतर सोडावाला आला. वखारीच्या जागी कापूस कंपनीची कचेरी, मग टॉकीज, मग टॉकीज पाडून मंगल कार्यालय. दर्यादरवाजा रस्ता रुंद करताना पाडला, उंबरा मात्र डांबराखाली तसाच आहे.

मी त्यांना लढायांबद्दल, राज्यांबद्दल विचारलं की ते हात झटकत. "राजा कोण आला, कोण उठला, त्याची तकलीफ आपल्याला न्हाई, मॅडम. जागा कुठं गेली ते सांगा."

यातलं जुनं त्यांना आजोबांकडून, वडिलांकडून मिळालं होतं. मधलं त्यांनी ग्रंथालयातल्या पुस्तकांतून काढलं. त्यातली काही मीच कॉलेजातून आणून दिली. आणि ताजं ते ढाब्यावरून आणत. समुद्राकडून येणारा ट्रक दिसला की सर ड्रायव्हरच्या बाजेपाशी जाऊन बसत.

"मोठ्या पेठेत गेलता का? सोडावाला हाय का अजून?"

एकदा एक ड्रायव्हर भाकरी मोडता मोडता म्हणाला, "सोडावाला कधीच उठला, गुरुजी. मोबाईलचं दुकान झालं. दर खेपेला इचारता, तुमची काय उधारी राहिलीय का त्याच्याकडं?"

बाकीचे हसले.

"उधारी न्हाई," सर म्हणाले, "माणूस राहिलंय."

त्या माणसाची गोष्ट मला काकूंनी सांगितली. एका दुपारी आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो. सर आतल्या खोलीत पडले होते.

ती सरांच्या पणजोबांची धाकटी बहीण. तिचं नाव घरात कोणी घेत नसे, सगळे छोरी म्हणत. त्यांच्या बोलीत मुलगी. चालत्या तांड्यात लेकरांना एक गोष्ट पक्की शिकवलेली असे. चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, कोणाच्या मागे जायचं नाही. जिथे आहेस तिथे उभं राहायचं. तांडा घ्यायला परत येतो. माळरानावर या नियमाने कितीतरी लेकरं सापडली होती.

मोठ्या पेठेत मीठ भरून झालं, हौदावर बैलांची रेटारेटी झाली आणि आईच्या हातातून छोरीचा हात सुटला. लादलेल्या बैलांची रांग त्या गर्दीत वळवता येत नव्हती. बाप म्हणाला, पोरगी उभी राहील, बैल बाहेर काढू आणि उद्या येऊन तिला आणू. तिला नियम माहीत होता, म्हणून कोणी घाबरलं नाही. बाहेर मुक्कामावर पोचले तर बैलांत रोग आला होता. शहराचे दरवाजे बंद झाले. शिपायांनी तांडा हाकलून दिला. पुढच्या हंगामातही आत घेतलं नाही. मग रेल्वे आली, मीठ तिच्यातून यायला लागलं आणि तांड्याचं तिकडे जाणंच संपलं. तेव्हा त्या आईने उरलेल्या पोरांना पेठ पाठ करायला लावली. दुकानं बदलतील, छोरी हलायची नाही, जागा चुकू नये. त्या पोरांनी त्यांच्या पोरांना शिकवली.

"आता ती किती म्हातारी झाली असंल, इचारा ह्यांला," काकू मला म्हणाल्या, पण आवाज आत जाईल एवढा ठेवून.

आतून उत्तर आलं. "उभ्या माणसाला वय लागत न्हाई."

"ऐका! आन् मी चुलीपुढं उभी राहून राहून भाकरी थापल्या, मला कसं लागलं वय?"

मी हसले. आत सरही हसल्यासारखं वाटलं. नंतर संध्याकाळी चालताना मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी गेला का नाहीत? ते एका ट्रकला वाट द्यायला कडेला झाले. मग म्हणाले, "माझा बाप गेलता. स्टेशनवर उतरला आन् तिथूनच माघारी आला. गर्दी लई हाय म्हणला. मरेपर्यंत तेवढंच म्हणला." पुढे जिनिंगच्या भिंतीपर्यंत आम्ही चालत गेलो. वळताना ते म्हणाले, "गेलो आन् नसली तर, मॅडम? मग इतक्या जणांनी काय पाठ केलं?"

एका उन्हाळ्यात मी त्यांना फोनवर ती पेठ दाखवली. गाडीतून फोटो काढत जातात आणि आपण बोटाने रस्त्यावरून पुढे सरकतो, ते. सरांनी फोन दोन्ही हातांत ताटासारखा धरला. मी सरकवत होते, ते ओळखत होते. मांडवीच्या जागी बँक. दोरवाल्यांच्या ओळीत बॅगांची आणि प्लास्टिकची दुकानं. मंगल कार्यालय. समोर मोबाईलचं दुकान, शटर अर्धं उघडं. शटरपाशी एक मुलगी उभी होती.

"हिचं तोंड काहून पुसलंय?"

मी सांगितलं की सगळ्यांचेच चेहरे पुसट करतात, तसा नियम आहे.

"सगळे चालून राहिलेत," सर म्हणाले. "ही उभी हाय."

मी बोट सरकवलं. एक पाऊल पुढे गेलं की चित्र दुसऱ्या वेळचं निघालं. दुकानाची पाटी निराळी, ऊन दुसऱ्या बाजूने आलेलं, रस्त्यावरची माणसं वेगळी. ती शटरपाशी तशीच होती.

"जवळपास राहणारी असेल कोणी," मी म्हणाले आणि फोन परत घेतला. ते चित्र मी पुन्हा उघडून पाहिलेलं नाही.

चार-दोन दिवसांत सर निघाले. काकूंनी वाटेसाठी भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली आणि म्हणाल्या, "पुरंल का एवढं?" सर म्हणाले, "जाताना पुरंल. येताना दोघं असू." काकूंनी त्यावर काहीच टोमणा मारला नाही. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

आणि मग तो सोमवार.

बंदरात काय झालं ते सरांनी सांगितलं नाही. मला कळलं ते दुसरंच काही. परतल्यावर आठवड्याभराने मी सहज म्हणाले, "सर, दोरवाल्यांच्या ओळीनंतर वखार येते ना?" त्यांनी माझ्याकडे नम्रपणे पाहिलं, जसं आपण अनोळखी माणसाकडे पाहतो.

"कोणती वखार?"

मला थट्टा वाटली. मी मांडवी म्हणाले, दर्यादरवाजा म्हणाले, हौद म्हणाले. सर ऐकत होते. त्यांना यातलं काही येत नव्हतं. बाकी सगळं शाबूत होतं. वर्तमानपत्र वाचायचे, नातवाच्या शाळेची चौकशी करायचे, लाईट बिलावर चिडायचे. पेठ तेवढी निघून गेली होती. जी गोष्ट ज्या कामासाठी होती ते काम झालं, आता तिची गरज नाही, असं काहीतरी.

संध्याकाळचं फिरणं सुरू राहिलं, पण ते आता सावकाश चालत. डावा हात अंगापासून जरा सुटा, बोटं किंचित वाकलेली. मध्येच थांबत, दुकानाच्या दारातल्या एखाद्या वस्तूकडे पाहत उभे राहत, मग पुन्हा चालू लागत. लहान मुलाला घेऊन निघालेलं कोणीही असंच चालतं. खताच्या दुकानापुढून ते न थांबता जायला लागले. दुकानदाराने मला विचारलं, "सर रुसले का आमच्यावर?"

घरातही फरक पडला. मागच्या खोलीच्या भिंतीला लोणा धरला. जमिनीपासून साधारण माझ्या कमरेपर्यंत गिलावा फुगला, पांढरी पूड सुटू लागली. वरची भिंत कोरडी ठणठणीत. गवंडी म्हणाला, बोअरचं पाणी खारं असतं, बांधकामात मुरतं. काकू म्हणाल्या, "बोअर काय आज मारली का?" त्या फडक्याने पुसून घेत, दोन दिवसांत पुन्हा तेच. एकदा त्यांनी बोट लावून जिभेवर ठेवलेलं मी पाहिलं. मला पाहून त्यांनी बोट पदराला पुसलं.

सुरुवातीला त्या फार चिडल्या होत्या. "मॅडम, सवत आणली असती तर झिंज्या धरून भांडले असते. हिच्याशी कसं भांडू? हिला काय म्हणू?" पुढे चिडणं कमी झालं. मग एक दिवस जिन्यातून उतरताना मला त्यांचा आवाज आला, "आगं, चुलीपासनं लांब. लांब हो जरा." मी आत गेले नाही. कॉलेजला निघून गेले.

आमचा आठवडी बाजार मोठा भरतो. दसऱ्याच्या आधीच्या बाजाराला सर गेले आणि बाजारात कोसळले. लोकांनी उचलून एका जीपमध्ये घातलं आणि औंढ्याच्या दवाखान्यात आणलं. मला काकूंचा फोन कॉलेजात आला. मी पोचले तेव्हा सरांना सलाईन लावलं होतं. पुढे नांदेडला न्यायचं ठरलं होतं आणि गाडीची वाट पाहणं चाललं होतं. सर शुद्धीवर होते, पण त्यांचं लक्ष कोणाकडे नव्हतं. ते आपला डावा हात वर धरून पाहत होते.

"सुटला," ते म्हणाले.

काकू वाकल्या. "काय?"

"हात सुटला. बांगडीवालीपाशी. ती उभी आसंल."

ते उठू पाहत होते. नर्सने खांदे दाबून धरले. सर ओरडले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मरणाची नव्हती. काकूंनी माझा दंड धरून मला बाहेरच्या व्हरांड्यात आणलं.

"मॅडम, तुमी जा. ह्यांना सोडून मला निघता येईना. बाजार उठायच्या आत जा आन् तिला घेऊन या."

"काकू, अहो..."

"मला शिकवू नका आता. एकदा ह्यांच्या घरच्यांनी उद्या आणू म्हणलं व्हतं."

मी जीपने निघाले. सगळ्या वाटेत मी स्वतःला समजावत होते की एका म्हाताऱ्या बाईचा शब्द राखायला चालले आहे, तेवढंच. जवळा बाजारला उतरले तेव्हा ऊन कलत होतं. भाजीवाले पोती झटकत होते, टेम्पो भरले जात होते. बहुतेक सगळे उठले होते. बांगडीवाली मात्र बसून होती. तिने बांगड्या बांधून ठेवल्या होत्या, गाठोडं मांडीशी होतं आणि तिच्यासमोर हातभर जागा मोकळी होती.

मी सरांचं नाव सांगितलं. ती लगेच म्हणाली, "वाचले का?"

"नांदेडला नेताहेत. काय झालं होतं?"

"काय व्हायचं. सर बसले, म्हणले हिला लाल घाला. मी म्हणलं, हात द्या. म्हणले, दिलाय की. मी बघूनच राहिले. आन् तेवढ्यात आडवे झाले."

"तुम्ही अजून थांबलात?"

तिने गाठोड्याची गाठ उगाच घट्ट केली. "सगळा बाजार उठला, मॅडम. मला उठवंना. इथं कोणी पाय द्यायला आलं की मीच वरडून राहिले. काहून ते मला इचारू नका." मग तिने मोकळ्या जागेकडे न पाहता विचारलं, "तुमी न्यायला आल्या का?"

मी हो म्हणाले.

"न्या मग. मला अंधाराच्या आत घर गाठायचंय."

मी त्या जागेपुढे उभी राहिले. मुलांना वर्गात शिकवते ते सगळं त्या वेळी डोक्यातून गेलं. टेम्पोतला एक माणूस माझ्याकडे पाहत होता. मी डावा हात खाली केला, लहान मुलासाठी करतात तेवढा, आणि म्हणाले, "चल. तांडा आलाय."

बांगडीवालीने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ती मागे न बघता निघून गेली.

मी घराकडे चालू लागले. पावलं आपोआप लहान पडत होती. बसस्टँड ओलांडलं तेव्हा फोन वाजला. काकू होत्या. "ह्यांच्या कानाला लावते," म्हणाल्या. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग सर म्हणाले, "आणली?"

"आणली, सर."

"हात कसा हाय तिचा?"

त्यांना बरं वाटेल असं काहीही मी सांगितलं असतं. तशी तयारीही होती. पण सांगितलं ते खरं सांगितलं.

"गार आहे."

"बराबर," सर म्हणाले.

फोन बराच वेळ तसाच सुरू राहिला. मग काकूंचं बोलणं ऐकू आलं, पण ते माझ्याशी नव्हतं.

सरांच्या तेराव्यानंतर पुण्याहून आलेला मुलगा काकूंना सोबत चला म्हणाला. घर विकून टाकू म्हणाला. काकू म्हणाल्या, "तिला घेऊन मी शहरात न्हाई येणार." मुलाला वाटलं, त्या माझ्याबद्दल बोलताहेत. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की आईसाठी तुम्ही आणखी काही महिने राहाल का. मी राहीन म्हणाले. हिंगोलीला बदलीसाठी मी अर्ज केलेला होता, तो मागे घेतला.

सरांची मोठी पेठ आता पूर्ण कोणालाच येत नाही. वर लिहिली तेवढीच मला आठवते, आणि त्यातलीही दोरवाल्यांची ओळ डावीकडे होती की उजवीकडे, ते सांगता येत नाही. विचारायला कोणी नाही. खाली काकू राहतात, वर मी राहते. छोरी घरात आहे.